टर्किश ऑनलाइन क्लासचा रिव्ह्यू: गर्दीचा ‘श’ आणि डॉलरमधली फी

इस्तंबूलच्या एका बाईंचा टर्किशचा ऑनलाइन इंटरमीडिएट क्लास केला, त्याचा हा रिव्ह्यू. त्यातला एकच चॅप्टर इतका भारी होता की बाकीच्या कटकटी माफ कराव्याशा वाटतात, पण करणार नाहीये, खाली सगळ्या लिहिल्यात. क्लासचं नाव टाकत नाही कारण बाई एकट्याच सगळं सांभाळतात आणि तक्रारी वाचून उगाच त्यांचं नुकसान नको. ज्याला टर्किश शिकायचंय त्याला कुठल्याही क्लासमध्ये काय बघायचं हे कळलं तरी बास.

आधी माझी गरज सांगते, म्हणजे रिव्ह्यू कुठल्या अँगलने आहे ते कळेल. मी टूर्सचं काम करते, आपले मराठी ग्रुप घेऊन तुर्कीला जायचं, त्यामुळे हॉटेल, बिल, ‘ने कादार’, ‘तुवालेत नेरेदे’ एवढं टर्किश कधीच येऊन गेलं होतं. अडायचं कुठे, तर बसचा ड्रायव्हर आणि तिकडचा गाईड आपसात ग्रुपबद्दल काहीतरी बोलतात आणि हसतात तिथे. शब्द ओळखीचे वाटायचे, क्रियापदाचं मूळ कळायचं, पण मध्येच एक ‘श’ घुसलेला असायचा आणि सगळा अर्थ निसटायचा. ॲपवर शोधलं तर उत्तर एकच, की हा ‘श’ म्हणजे ‘एकमेकांना’. ओप्मेक म्हणजे मुका घेणं, ओप्युश्मेक म्हणजे एकमेकांचा घेणं. याझ्माक लिहिणं, याझिश्माक एकमेकांना लिहिणं, म्हणजे पत्रव्यवहार. निरोप घेताना सगळेच म्हणतात ते ग्योर्युश्युर्युझ पण त्यातलंच, ‘भेटू’. ठीक आहे, पण मग काचमाक म्हणजे पळून जाणं, तर काचिश्माक म्हणजे काय, एकमेकांपासून पळणं? नाही ना. इथे ॲपवाले गप्प.

(स्पेलिंगबद्दल आधीच सांगते, टर्किशचा बिनटिंबाचा आय देवनागरीत नीट उतरत नाही, मी सरळ ‘इ’ लिहिलाय, आणि दोन टिंबांचा यू ‘यु’ लिहिलाय. तो ‘यु’ नाहीये, ओठ ‘ऊ’ला करतो तसे करून ‘ई’ म्हणायचं असतं. जाणकारांनी रागावू नये.)

तर या बाईंनी, होजाम म्हणायचं त्यांना, तिकडे शिक्षकापासून ओळख नसलेल्या दुकानदारापर्यंत कुणालाही होजाम म्हणतात, त्यांनी हा ‘श’ दोन भागांत शिकवला आणि दुसऱ्या भागाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ दिला. व्याकरणात याला इश्तेश म्हणतात. पहिला भाग एकमेकांवालाच. दुसरा भाग म्हणजे बरेच जण मिळून एकच गोष्ट करतायत, एकमेकांना नाही, नुसती एकत्र, एकाच वेळी, बऱ्याचदा जरा विस्कळीत. ग्युल्मेक हसणं, ग्युल्युश्मेक म्हणजे पाचसहा जण आपसात खिदळतायत. आलामाक रडणं, आलाश्माक म्हणजे घरभर सगळे रडतायत. बाइर्माक ओरडणं, बारिश्माक म्हणजे सगळ्यांचा एकदम ओरडा, त्यात मधला स्वर गळतो आणि ऐकायला थेट हिंदीतल्या पावसासारखं वाटतं. पक्ष्यांना ओत्युश्मेक, मेंढरांना मेलेश्मेक. मेलेश्मेक ऐकल्यावर मला तर लगेच धनगरवाडाच दिसला.

शिकवायची पद्धत म्हणाल तर एमिनोन्यूहून काडिकोयला जाणाऱ्या वापुरवर, म्हणजे फेरीबोटीवर, मोबाईलने काढलेला एक व्हिडिओ. आवाज बंद. बोटीच्या मागे मार्ती, म्हणजे सीगल, लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे करून हवेत उडवतायत, पोरं कठड्याला लटकलीयत, मध्येच पाऊस येतो आणि वरच्या डेकवरचे सगळे आत धावतात. एवढंच. आणि काम काय, तर पहिल्यांदा जे दिसतं ते ‘श’ न लावता सांगा आणि मग ‘श’ लावून सांगा आणि काय बदललं ते बोला.

आता बघा, मार्तिलार उचुयोर, सीगल उडतायत. बरोबरच आहे, चुकीचं काही नाही, पण हे विमानालाही चालतं. मार्तिलार उचुशुयोर म्हटलं की एक इकडे एक तिकडे, कुणी खाली झेपावतोय, कुणी गोल फिरतोय, सगळं आभाळ भरलंय असं होतं. बर्फाचे कण, फुलपाखरं, वाऱ्यावरचे कागद, उडणारे केस, या सगळ्यांना उचुश्माक चालतं. आणि पाऊस आल्यावर काचतिलार म्हटलं तर ‘ते पळून गेले’, चोरांची टोळी पण पळून जाते. काचिश्तिलार म्हटलं की ज्याला जिथे वाट दिसली तिथे तो घुसला. होजाम तो तुकडा थांबवून थांबवून दाखवायच्या, एक आजोबा जिन्याकडे, दोन मुली खांबाआड, एक माणूस पेपर डोक्यावर धरून उलट्याच दिशेला. दिशा वेगळ्या पण कृती एकच, हे डोळ्यांनी बघितल्यावर परत व्याख्या वाचायची गरजच राहिली नाही.

मराठी माणसाला यात एक फायदा आहे जो जर्मनीवाल्या क्लासमेटला नव्हता. आपल्याकडे पळापळ आहे, रडारड आहे, पांगापांग, धावाधाव, ढकलाढकली. गर्दीने मिळून काहीतरी केलं की आपण क्रियापद दुप्पट करून त्याचं नाम करतो आणि पुढे ‘झाली’ लावून मोकळे होतो. पळापळ झाली. कोण पळालं, किती पळाले, कुणाला पडलीये. तुर्की माणूस तेच क्रियापदाच्या पोटात एक ‘श’ घालून उरकतो. मी वहीत एका बाजूला आपले शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे असं लिहीत गेले आणि बरेच बसले पण. मारामारी आणि द्योव्युश्मेक, कुजबुज आणि फिसिल्दाश्माक. मग आलं बेकलेश्मेक आणि गाडी अडली. बेकलेमेक म्हणजे वाट बघणं, योल्जुलार इस्केलेदे बेकलेशियोर म्हणजे प्रवासी धक्क्यावर ताटकळत उभे आहेत, बरेच जण, कुणी बसलंय, कुणी फोनवर, पण सगळे बोटीचीच वाट बघतायत. यात आरडाओरडा नाही, धांदल नाही. ‘वाटबघाबघी’ आपण म्हणत नाही, आपली दुप्पट करायची सवय बहुतेक गोंधळाच्या जागीच चालते, टर्किशचा ‘श’ शांत गर्दीलाही लागतो. हे मला स्वतःला क्लासमधलं सगळ्यात आवडलेलं.

आणि आता माझ्या धंद्याचा शब्द, युश्युश्मेक. माश्या मधावर बसतात ना तुटून पडल्यासारख्या, सिनेकलेर बाला युश्युश्त्यु, ते. माणसांना पण वापरतात पण कौतुकाने नाही. ओपन बुफेचा दरवाजा उघडल्यावर आपला ग्रुप ज्या वेगाने आत शिरतो ते बघून वेटर एकमेकांना जे म्हणायचे ते आचिक ब्युफेये युश्युश्त्युलेर होतं हे मला आता कळलंय आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. त्याच्या शेजारचा दोलुश्माक जरा सभ्य, मिनिब्युसे दोलुश्तुक म्हणजे आम्ही सगळे मिनीबसमध्ये कोंबून बसलो, इस्तंबूलच्या मेट्रोबसला संध्याकाळी रोज हेच क्रियापद लागतं.

नियम तसा सोपा आहे, क्रियापदाचं मूळ (शेवटचं माक-मेक काढून उरतं ते) स्वराने संपत असेल तर नुसता श, व्यंजनाने संपत असेल तर मागचा स्वर बघून इश, उश, युश वगैरे. खरी मेख कर्त्यात आहे. एकटा सीगल उचुश्माक करू शकत नाही, एकटं पोरगं ग्युल्युश्मेक करू शकत नाही. पण व्याकरणात एकवचनी दिसणारे शब्द चालतात, कालाबालिक काचिश्ती, म्हणजे गर्दी पांगली, किंवा हेर्केस काचिश्ती, सगळे पळाले, हेर्केस तिकडे एकवचनीच चालतं. शिवाय कर्ता पक्षी किंवा वस्तू असेल तर क्रियापदाला अनेकवचनाचा लार सहसा लावत नाहीत. कुशलार ओत्युश्युयोर, बास, तिथेच थांबायचं. आपण ‘पक्षी किलबिलतायत’ म्हणतो त्यामुळे आपला हात आपोआप लार लावायला जातो, होजाम प्रत्येक वेळी हसून कापायच्या.

एकमेकांवाला कुठला आणि गर्दीवाला कुठला हे ओळखायला त्यांची एक ट्रिक आहे, ‘इले’ लावून बघायचं, म्हणजे ‘च्याबरोबर’. आयशे फातमाशी मेक्तुपलाश्ती, दोघींचा पत्रव्यवहार होता, झकास. पण पोरगा मित्राबरोबर काचिश्ती? कान लगेच नाही म्हणतो. म्हणजे त्यांचा कान म्हणतो, आपला अजून विचार करत बसतो. आणि हा प्रकार फक्त मारामारी आणि पत्रांपुरता नाहीये बरं का, ईदच्या दिवशी घरोघर जाऊन एकमेकांना शुभेच्छा देणं याला त्यांच्याकडे बायरामलाश्माक असं अख्खं क्रियापद आहे. नुसत्या सलामाला सेलामलाश्माक.

इथून पुढे पहिली तक्रार. हा ‘श’ कुठल्याही क्रियापदाला लावता येत नाही आणि हे त्यांनी फार उशिरा सांगितलं. सुरुवातीला सगळे उत्साहात दिसेल त्याला श लावत सुटले आणि होजाम नुसतं ‘ऐकून ऐकून कळेल’ म्हणत राहिल्या. अहो इस्तंबूलमध्ये जन्मलेल्याला कळेल, आम्ही रात्री लॅपटॉपसमोर बसून काय ऐकणार? उयुमाक म्हणजे झोपणं, त्याला श लावून ‘सगळे झोपलेत’ होईल असं कुणालाही वाटेल, पण उयुश्माक म्हणजे हातपाय बधिर होणं, नाहीतर दोघांचं पटणं. गेल्मेक येणं, पण गेलिश्मेक म्हणजे विकास होणं. कोनुश्माक आणि चालिश्माक तर रोजचे शब्द, बोलणं आणि काम करणं, त्यात श आहे म्हणून एकट्याने बोलू नये असं थोडंच आहे. शेवटी एका मुलाने यादी मागितली तेव्हा एका पानाची यादी आली आणि ती खरंच उत्तम आहे. पहिल्याच दिवशी दिली असती तर काय बिघडलं असतं कळत नाही.

एका बाबतीत मात्र पूर्ण मार्क. सेव्मेक म्हणजे प्रेम करणं, मग ‘आमचं एकमेकांवर प्रेम आहे’ म्हणायला प्रत्येक नवशिका सेविश्मेककडे धावतो, आणि आजच्या टर्किशमध्ये त्याचा अर्थ थेट बेडरूममधला आहे. त्यांनी हे आधीच, कुणाचं तोंड उघडायच्या आत, स्पष्ट शब्दांत सांगून टाकलं, बिर्बिरिमिझी सेवियोरुझ म्हणा आणि वाचा. सासूसासऱ्यांसमोर फजिती झालेल्यांचे किस्से त्यांच्याकडे भरपूर आहेत.

नामाचा श वेगळा, तो पण नीट शिकवला. ग्युल्युश म्हणजे हसू, हसण्याची तऱ्हा, एका माणसाचं सुद्धा. तिकिटावर गिदिश-दोन्युश लिहिलेलं असतं ते जाणं-येणं, रिटर्न. दिसायला तोच श पण गर्दीशी याचा काही संबंध नाही. आणि ग्युझेलेश्मेक, सुंदर होणं, यातला लेश तर आणखी तिसराच, विशेषणाला लागतो. एक अपवाद मला लक्षात ठेवावासा वाटला, कोशुश्माक म्हणजे बरेच जण इकडेतिकडे धावणं, पण त्याला पुढे शेपूट लावून कोशुश्तुर्माक केलं की एकटी व्यक्तीसुद्धा ते करू शकते. दिवसभर कोशुश्तुर्दुम, दिवसभर नुसती धावपळ झाली माझी. एकटीच गर्दीएवढी पळतेय, टूरवाल्यांचं आयुष्य.

वाचायला दिलेलं मटेरियल पण ओरिजिनल होतं. एकदा तुर्की संसदेच्या कामकाजाच्या छापील वृत्तांताचं पान आणलं. भाषण चालू आहे आणि मध्येच कंसात ग्युल्युश्मेलेर. म्हणजे सभागृहात हशा. दुसरीकडे आल्किशलार, टाळ्या. एका कंसात अख्खं सभागृह हसतं आणि कोण हसलं त्याची नोंद नाही, आपल्या विधिमंडळाच्या कामकाजात पण ‘हशा’ असाच येतो. व्याकरणाच्या पुस्तकातल्या मेंढरांपेक्षा हे उदाहरण डोक्यात पक्कं बसतं.

एक जादा सेशन पण झालं, ऐच्छिक, त्यात बाई जरा सैल सुटल्या. काशगरचा महमूद म्हणून 11व्या शतकात एक होता, त्याने बगदादमध्ये बसून अरबांसाठी तुर्की भाषांचा कोश लिहिला, त्यानेसुद्धा या श वर लिहून ठेवलंय, त्याच्याकडे श म्हणजे एखाद्याला कामात मदत करणं किंवा चढाओढीने ते काम करणं असे अर्थ येतात. हजार वर्षं जुना प्रत्यय आहे हा. आणि पूर्वेकडे किर्गीझ भाषेत तर याची गंमतच झालीये, तिथे केलिश्ती म्हटलं की सरळ ‘ते आले’, तिकडे हा गर्दीचा श घासून घासून तृतीयपुरुषी अनेकवचनाचा साधा प्रत्यय होऊन बसलाय. उझबेकमध्ये पण तसंच काहीसं चालतं. इस्तंबूलमध्ये त्याला अजून थोडी चव आहे, पंख फडफडतात, पोरं खिदळतात, तिकडे नुसता हिशेब राहिलाय. ताश्कंद समरकंदचे टूर करणाऱ्यांनी हे सेशन चुकवू नये.

आता उरलेल्या तक्रारी, फटाफट. वेळ, तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेदहा, घरचं आवरून बसेपर्यंत अर्धा मेंदू झोपलेला. एक बरं आहे, तुर्कीने 2016 पासून घड्याळ मागेपुढे करणं बंद केलंय त्यामुळे वर्षभर अडीच तासांचाच फरक राहतो, युरोपातल्या लोकांची मात्र मार्च आणि ऑक्टोबरमध्ये दरवेळी पंचाईत होते. रेकॉर्डिंग आठवड्याने उडवतात, हे पैसे भरताना कुणी सांगत नाही. फी वेबसाइटवर लिरात दिसते आणि पेमेंटच्या पानावर डॉलर होते, लिराची अवस्था बघता मला कारण समजतं हो, पण मग पहिल्या पानावरच डॉलर लिहा ना.

आणि सगळ्यात विनोदी म्हणजे नोट्सची पीडीएफ. कुठल्या तरी जुन्या फाइलवरून बनवलेली. तुर्कीसाठी जी जुनी अक्षरसंकेतांची टेबल होती त्यात आइसलँडच्या भाषेची सहा अक्षरं काढून त्या जागी तुर्कीची सहा बसवली होती, त्यामुळे जुनी फाइल चुकीच्या टेबलने उघडली की शेपटीवाल्या एसच्या (टर्किशमध्ये ‘श’ असाच लिहितात, ş) जागी आइसलँडचं ते पोट सुटलेल्या पी-सारखं थॉर्न नावाचं अक्षर दिसतं. बाकी कुठल्या चॅप्टरला चाललं असतं, पण ज्या चॅप्टरचा सगळा विषयच तो एक शेपटीवाला एस आहे त्यात तोच गायब! पहिली पाच पानं मी ग्युल्युथ्मेक, काचिथ्माक असं वाचत होते. दोनदा मेल केली, ‘होजाम बघते’ म्हणाल्या, अजून बघतायत.

बिगिनर असाल तर हा क्लास घेऊ नका, पैसे वाया जातील, ‘माझं नाव अमुक आहे’ आणि वर्तमान-भूतकाळ एवढं कुठल्याही फुकट ॲपवरून करा आणि मग या. ज्यांना तुर्की मालिका सबटायटलशिवाय बघायच्यात, तिकडे नोकरी किंवा धंदा करायचाय किंवा माझ्यासारखं ड्रायव्हरच्या गप्पा ऐकायच्यात त्यांच्यासाठी एकदम बरोबर. सोबत तुर्की भाषा संस्थेची, म्हणजे तेदेकाची, ऑनलाइन डिक्शनरी उघडी ठेवा, फुकट आहे आणि शंका आली की श वालं क्रियापद टाकून बघता येतं, तिथे सापडलं नाही तर आपण बनवलेला शब्द बहुतेक टर्किश नाहीच.

शिकवण्याला पाचपैकी पाच, नोट्सना दोन, पेमेंटच्या पानाला काहीच नाही. पुढच्या बॅचमध्ये प्रयोजक क्रियापदं आहेत, एकाने दुसऱ्याकडून करून घेणं, त्यात तर एकावर एक प्रत्यय चढवत जातात म्हणे. नाव घातलंय मी, फक्त यावेळी पैसे भरायच्या आधी नोट्सचं एक पान मागवलं, ज्यात शेपटीवाला एस आहे असं.